'२२ जून १८९७' आणि दारावरचा कागद

परवा शनिवारी '२२ जून १८९७' पुन्हा पाहिला. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा १९७९ सालचा सिनेमा. चापेकर बंधूंची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते. या वेळी मात्र माझं लक्ष पिस्तुलाकडे नव्हतं, साथीकडे होतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळाले, साथ पुण्यात आली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा? कुणालाच धड ठाऊक नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग दिसत होता, मूळ कारण सापडत नव्हतं.

मग सरकारने काय केलं? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला, आणि मार्चपासून रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर पुण्यात घराघरांत घुसले. काखेत, जांघेत गाठ आहे का बघायचं. आजारी माणूस इस्पितळात, घरचे छावणीत, सामान जाळायचं. लोक रोगी लपवायला लागले. आणि उंदरावरची पिसू? ती कुठल्याच झडतीत सापडली नाही! प्लेग पिसवांमधून पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं, ते १८९८ मध्ये. तोवर रँड गोळी लागून मेला होता आणि दामोदर चापेकर फासावर गेले होते.

त्याच साथीत, १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली. रोग कसा पसरतो हे त्यांनाही माहीत नव्हतंच की. पण त्या झडती घ्यायला नाही, रोग्याला उपचाराला न्यायला जात होत्या.

आता एक कबुली. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हाच १८९७ चा कायदा लागू झाला. मी नुकताच नोकरीला लागलेलो, घरून काम. सोसायटीने तापाची एक्सेल शीट माझ्याकडे दिली. मीही उत्साहात! पहिल्या पेशंटच्या दारावर लाल अक्षरांचा कागद मीच चिकटवला, फोटो काढून ग्रुपवर टाकला. पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना अॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. चार दिवस ताप होता, माझ्या शीटमध्ये 'निल'. काका वाचले. नंतर एकदा जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, "तापाची भीती नव्हती रे, तुझ्या कागदाची होती."

तोवर मला वाटायचं, रँड म्हणजे दुसरं कुणीतरी. माझ्या हातात बंदूक नव्हती, डिंक होता, एवढाच फरक.

असो. सिनेमा पाहिला नसेल तर जरूर बघा.