आकस्मिक बधिरत्व : रक्तातील निदर्शके
तीन दिवसांच्या आत, सलग तीन वारंवारतांवर, किमान 30 डेसिबलने श्रवण घटणे म्हणजे आकस्मिक बधिरत्व. अशा रुग्णांत न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर अनेकदा वाढलेले, आणि न सुधारणाऱ्यांत अधिक चढे आढळते. ते साध्या रक्तगणनेतून (सीबीसी) निघते, म्हणून धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी सोयीचे वाटते. पण जंतुसंसर्गात ते वाढते, आणि या बधिरत्वावर दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडनेही. नमुना औषधाआधीचाच हवा. आंतरकर्णाच्या केशपेशींतील प्रेस्टिन हे प्रथिन कानाशी थेट निगडित असल्याने अधिक आशादायक, मात्र नेहमीच्या प्रयोगशाळेत ते मोजत नाहीत. काहीच नसण्यापेक्षा स्वस्त चाचणी बरी, हा युक्तिवाद इथे अपुरा पडतो: स्टिरॉइडचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक, आणि ‘नॉर्मल’ अहवालावर विसंबल्यास नेमका तोच काळ हातचा जातो. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास रक्ताच्या अहवालासाठी न थांबता जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग गाठावा.