आकड्याविना पाना

अकोल्याहून पातूरमार्गे वाशिमकडे जाताना मालेगाव तालुक्यातले मेडशी लागते. हाच रस्ता आता १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून पुढे हिंगोली, नांदेडकडे जातो. अशा रस्त्याकाठच्या गावांत मोटारदुरुस्तीचा धंदा वाहनांच्या पाठोपाठ वाढला, आणि आवळण्याचा जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, तिथे फार उशिरा पोचला. इंजिनाचे हेड बसवताना मिस्त्री हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळत आले म्हणून त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण त्या काळातली इंजिने, पाने आणि कंपन्यांची पुस्तके एकत्र पाहिली, तर वेगळेच दिसते. हाताचा अंदाज त्या इंजिनांना पुरेसा होता. आणि तो पुरेनासा झाला, तेव्हा मिस्त्रीजवळ पान्याइतकीच आकड्याचीही वाण होती.

आधी जुने इंजिन पाहू. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे. हेडच्या बोल्टांसाठी दिलेला जोर साधारण ६० ते ७५ फूट-पौंड, म्हणजे आठ ते दहा किलोग्रॅम-मीटर. फूटभर लांबीच्या पान्याला तीस किलोची ओढ दिली की जवळपास नऊ किलोग्रॅम-मीटर भरतात. पान्याची लांबी नटाच्या मापाबरोबर वाढते: लहान नटाचा पाना आखूड, मोठ्याचा लांब. त्यामुळे सरावलेल्या हाताला लागणारी मर्यादा हत्यारातच काही अंशी घडवलेली होती. पान्याला पाइप जोडून आवळू नये, हा जुन्या मिस्त्रींचा दंडक याच हिशेबातला. शिवाय जाड गॅस्केट आणि लोखंडी आटे थोडे कमी-जास्त सहज सोसत.

दुसरीकडे टॉर्क रेंच ही गरजेतून निघालेली वस्तू. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा विभागातल्या कॉनराड बार याने १९१८ मध्ये नळांच्या जोडांवरचे बोल्ट सारखे आवळता यावेत म्हणून असा पाना केला, असे सांगितले जाते. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार उद्योगात तो रुळला, आणि त्यात क्रायस्लरचा वाटा मोठा होता. त्याच क्रायस्लरशी करार करून वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात गाड्या जुळवल्या; पुढे तिथेच फियाट आली. म्हणजे मोजून आवळण्याची रीत महाराष्ट्रात येण्याचा मार्ग तेव्हाच खुला झाला होता. पण आकडे राहिले इंग्रजी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, आणि मॅन्युअल राहिले अधिकृत विक्रेत्याच्या कपाटात. त्यातही जीपचा आकडा फूट-पौंडात, फियाटचा किलोग्रॅम-मीटरमध्ये आणि पुढच्या गाड्यांचा न्यूटन-मीटरमध्ये. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, एककाची गफलत झाली की चूक थेट दहापटीची.

हाताचा अंदाज मोडीत काढला तो अॅल्युमिनियमने. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हलक्या हेडची इंजिने खेड्यांपर्यंत पोचली. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. हेड पोलादी बोल्टपेक्षा जास्त फुगते आणि बोल्टवरचा ताण आणखी चढतो. थंडपणीच जास्त आवळले असेल तर आटे जातात. कमी-जास्त आवळले असेल तर हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. म्हणून मधल्या बोल्टपासून बाहेर जायचे, दोन-तीन टप्प्यांत जोर वाढवायचा, हा क्रम आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरला.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. लावलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो दहावा हिस्सा. मग मोजून उपयोग काय? आक्षेप खरा आहे, आणि नव्या इंजिनांत आधी ठरावीक जोर देऊन नंतर बोल्ट ठरावीक अंशात फिरवतात, ते त्यामुळेच. पण यातून हात श्रेष्ठ ठरत नाही, कारण घर्षण हातालाही फसवतेच. आटे स्वच्छ करून, पुस्तकात सांगितले असेल तिथेच तेल लावले, तर पाना निदान सगळ्या बोल्टांना सारखी वागणूक देतो. हेडला तीच हवी असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर निवडीत आहे. दांडी वाकून काट्यावर आकडा दाखवणारा साधा पाना स्वस्त असतो, त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि काटा शून्यावर आहे की नाही ते डोळ्यांनी दिसते. ‘टक्’ आवाज देणारा पाना अडचणीच्या जागी सोयीचा. पण काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या खुणेपर्यंत सैल करावी लागते, वेळोवेळी तपासणी लागते, आणि त्याने जाम बोल्ट सोडवणे म्हणजे त्याचे माप बिघडवणे. हेडसाठी साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा आणि प्लग व झाकणांच्या बोल्टांसाठी वेगळा लहान पाना घ्यावा, कारण कुठलाही पाना त्याच्या मापाच्या तळाशी भरवशाचा नसतो. मात्र या दोन्हींच्या आधी गाडीगणिक आकडे, क्रम आणि एकक यांचा मराठी तक्ता गॅरेजच्या भिंतीवर हवा. तो नसेल तर महागडा रेंचही अंदाजानेच लावला जाईल.