बिदागी आणि तिकीट

अंबाल्याहून चंदीगडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर झिरकपूर लागते. लग्नसमारंभांच्या प्रशस्त वास्तूंसाठी हे गाव ओळखले जाते. समारंभ आला की गाणेबजावणे आले. आणि गाणेबजावणे आले की कलावंताला काय द्यावे व कसे वागवावे, हा जुना प्रश्नही आला. या प्रश्नाला एका मराठी गायकाने जे उत्तर दिले, त्याला स्थिर रूप आले ते फाळणीपूर्वीच्या पंजाबातच. ते गायक म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांची गानविद्या घडली. त्या काळी गवयाची उपजीविका बहुधा राजेरजवाड्यांच्या मर्जीवर चाले. बिदागी मिळे, शालजोडी मिळे; परंतु तो श्रमांचा मोबदला नव्हे, धन्याची कृपा असे. मिरजेतील एका समारंभाची हकीकत सांगतात. विष्णुपंतांना आमंत्रण आले, गुरुजींना मात्र आले नाही. कारण विचारता, ते तर गवई, एवढेच उत्तर मिळाले. ज्या विद्येला दरबारात वाहवा, ती धारण करणाऱ्याला पंक्तीत पान नाही, हे शिष्याच्या मनाला झोंबले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडले.

पुढे सौराष्ट्रात त्यांनी अल्प प्रवेशमूल्य ठेवून जाहीर मैफल केली. नाटकाचे तिकीट मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडले होते. १८८० च्या ‘संगीत शाकुंतला’ने तर रंगभूमीवर गाण्याची गोडी लावली होती. परंतु रागदारी गाणारा गवई दरबार व देवळाबाहेर, सामान्य श्रोत्यांकडून पैसे घेऊन गातो, ही गोष्ट नवी होती. एका आश्रयदात्याची जागा शेकडो श्रोत्यांनी घेतली. त्यांतील कोणीही धनी नव्हता; म्हणूनच गायकही कोणाचा आश्रित उरला नाही.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे राहिले, तेही संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे. मैफलींची मिळकत व लोकांच्या देणग्या यांवर. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. तथापि हा मार्ग निष्कंटक नव्हता. मुंबईच्या वास्तूसाठी काढलेले कर्ज फिटले नाही आणि ती लिलावात गेली. १९३१ साली मिरजेस पंडितजींचा अंत झाला.

वास्तू गेली, पण पायंडा राहिला. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर हे त्यांचे शिष्य राजाश्रयाविना देशभर मानाने गायले. पंडितजींनी गवयाला केवळ पैसा मिळवून दिला असे नव्हे. तो मागताना मान खाली घालण्याचे कारण उरू दिले नाही. झिरकपूर असो वा मिरज, मैफल भरविणाऱ्याने मोबदला आधी ठरवावा, तो वेळेवर द्यावा आणि कलावंताला पाहुण्यांच्याच पंक्तीस बसवावे. मिरजेत नेमके हेच राहून गेले होते.