एका बराकीतली दोन घरं

दुसऱ्या महायुद्धावरची मराठी कादंबरी म्हटलं की आपल्याला विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आठवते. १९३९ची. नाव रणांगण, पण गोष्ट घडते युरोपातून निघालेल्या बोटीवर, देशातून हाकलल्या गेलेल्या ज्यू माणसांत.

चारच वर्षांनी, १९४३ मध्ये, असेच निर्वासित आपल्या कोल्हापूरजवळ उतरले. वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं १९४० पासून त्यांना हद्दपार केलं होतं. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, स्टॅलिनला मित्रांची गरज पडली, तेव्हा त्यांची सुटका झाली. मग इराणमार्गे ते इथं आले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि त्याच जागेत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच.

आता घरच्या इतिहासावरून युद्धाची कादंबरी लिहायची, तर अडचण इथंच आहे. आजी थंडी सांगते, भूक सांगते. सुटका का झाली ते दप्तरातच सापडतं. आणि पोलिश आजीच्या गोष्टीत सिंधी आजी येत नाही, हिच्या गोष्टीत ती येत नाही. दोघींना एका बराकीत आणणं, हे कादंबरीकाराचं काम.

तेव्हाची मुलं आज ऐंशीच्या पुढं आहेत. विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं.