दिवाणखान्यातला पडदा : टीव्ही जेव्हा संगणकाचा मॉनिटर झाला

१/ चिप स्वस्त झाली आणि संगणक घरोघरी पोहोचला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे अर्धेच सत्य होय. संगणकाचा एक महागडा भाग अनेक घरांत आधीच येऊन बसला होता : दूरचित्रवाणी संच.

२/ सप्टेंबर १९७३. अमेरिकेतील 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर डॉन लँकेस्टर यांचा 'टीव्ही टाइपरायटर' झळकला. कळफलकावर टंकलेली अक्षरे घरच्या टीव्हीवर उमटवणारे हे यंत्र स्वतः संगणक नव्हते. पण हौशी तंत्रज्ञांना त्याने वाट दाखवली.

३/ १९८० साली ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 'झेडएक्स८०' अवघ्या ९९.९५ पौंडांत विकायला काढला. या किमतीत पडदा नव्हताच. यंत्रातला मॉड्युलेटर चित्राला प्रक्षेपणाच्या लहरींचे रूप देई आणि ते ॲन्टेनाच्या सॉकेटमधून आत जाई. टीव्हीच्या लेखी संगणक म्हणजे आणखी एक वाहिनी!

४/ या काटकसरीची किंमत होतीच. 'झेडएक्स८०'मध्ये चित्र उभे करण्याचे कामही मुख्य प्रोसेसरच करी. म्हणून गणित सुरू झाले की पडदा कोरा पडे. १९८१च्या 'झेडएक्स८१'ने 'स्लो' पद्धत आणली. पडद्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या पट्ट्या रेखल्या जात असताना मिळणाऱ्या उसंतीत तो गणित उरकी. चित्र टिके, वेग मात्र सुमारे चौथाईवर येई.

५/ टीव्ही दुरून पाहण्यासाठी घडवलेला. बारीक अक्षरे त्यावर पुसट होत. १९८२च्या 'झेडएक्स स्पेक्ट्रम'वर एका ओळीत ३२ अक्षरे मावत. त्याआधीच्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसीच्या स्वतंत्र मॉनिटरवर ८०. पत्रे नि हिशेब कचेरीत, खेळ नि शिकणे घरात, या विभागणीला पडद्यानेही हातभार लावला.

६/ जानेवारी १९८२मध्ये बीबीसीने 'द कॉम्प्युटर प्रोग्रॅम' ही मालिका सुरू केली. गंमत अशी, की एकच संच असलेल्या घरात धडा पाहायचा तोही त्यावर आणि गिरवायचा तोही त्यावरच. शिवाय बातम्या, सामने आणि मालिका यांची वाट पाहणारे घरचे लोक होतेच.

७/ म्हणून घरगुती संगणकाचा इतिहास केवळ प्रयोगशाळांत शोधून भागत नाही. त्याचा एक मोठा भाग दिवाणखान्यात घडला. तेथे ॲन्टेनाची वायर काढून संगणकाची जोडण्यासाठी आधी घरच्यांची परवानगी घ्यावी लागे.