बक्षिसाचे जनावर आणि दावे धरणारा हात

आमच्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांच्या घरी एके काळी गोठा होता. त्यामुळे बक्षीसपात्र गुरांच्या छायाचित्रांचा इतिहास दूरदेशीचा असला तरी आम्हांस परका वाटत नाही.

इंग्लंडात १७९८ साली स्मिथफील्ड क्लबची स्थापना झाली आणि पुष्ट जनावरांच्या प्रदर्शनांस जोर आला. त्या काळी जनावराची प्रतिमा काढणे हे चित्रकाराचे काम. १७९६ साली जन्मलेल्या ड्युरॅमच्या प्रचंड बैलास गाडीत घालून देशभर मिरविण्यात आले आणि १८०२ साली त्याच्या चित्राच्या छापील प्रती घरोघर गेल्या. मालकास मात्र खऱ्याहून अधिक हवे असे. काष्ठकोरीव कलावंत टॉमस ब्यूइक यास मेंढ्यांच्या अंगी नसलेली चरबी चित्रात दाखविण्यास सांगण्यात आले. त्याने ते साफ नाकारले व काम सोडले.

१८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली. त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे इंग्लंडच्या कृषिसंस्थेचे पहिले प्रदर्शन भरले, हा योगायोग मोठा सूचक होय. तथापि कॅमेऱ्यापुढे जनावर स्थिर उभे करणे सोपे नव्हते. १८५१ नंतरच्या पद्धतीत काचेवरील लेप ओला असतानाच चित्र घेऊन तत्काळ धुवावे लागे आणि काही सेकंदांत शेपूट हलले की तेवढा भाग पुसट होई. पॅरिस येथील १८५६ च्या जागतिक शेतकी प्रदर्शनात आद्रियाँ तुर्नाशाँ याने गुरांची छायाचित्रे घेतली. हा प्रसिद्ध छायाचित्रकार नादार याचा धाकटा भाऊ. 'नादार' या नावावरून उभय बंधूंत दावा लागला आणि १८५७ साली न्यायालयाने ते नाव थोरल्यास दिले.

नावाचे मोल हे असे! जनावराची जात, मालकाचे नाव व बक्षीस यांची नोंद होई. परंतु ज्याच्या ओळखीच्या हातामुळे ते जनावर क्षणभर निश्चल राहिले, त्या राखणदाराचे नाव क्वचितच लिहिले जाई. चरबीविषयीचे असत्य कॅमेऱ्याने पुष्कळसे आवरले. ही उणीव मात्र त्यास भरून काढता आली नाही. ते काम माणसांचेच.

आमच्या घरांतील जुन्या छायाचित्रांतही बैलाशेजारी असा कोणी उभा असतो. त्यास ओळखणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच चित्रामागे त्याचे नाव लिहून ठेवावे, अशी सर्व कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे.