व्हिसिकॅल्क : एका आज्ञावलीचें अल्पायुष्य

वस्तु निर्माण करणें ही एक कला आहे, ती बाजारांत आणणें ही दुसरी, आणि बाजारांत आलेली वस्तु जिवंत ठेवणें ही तिसरी. पहिल्या दोन कला साधल्या, पण तिसरी हातून निसटली, म्हणजे काय होतें याचें ठळक उदाहरण संगणकाच्या इतिहासांत व्हिसिकॅल्क नांवाच्या आज्ञावलीनें घालून दिलें आहे.

आज्ञावली, म्हणजे जिला सॉफ्टवेअर म्हणतात ती, पैसे मोजून वेगळी विकत घ्यावयाची वस्तु आहे, ही कल्पना फार जुनी नाहीं. प्रारंभीं ती बहुधा यंत्राबरोबरच ग्राहकास मिळे. तिची निराळी किंमत नसे. १९६९ सालच्या जून महिन्यांत आय.बी.एम. कंपनीनें यंत्र व आज्ञावली यांची आकारणी वेगवेगळी करण्याचें जाहीर केलें, आणि या व्यापाराचा मार्ग प्रशस्त झाला. पुढें दहाच वर्षांत या बाजारांत व्हिसिकॅल्क अवतरलें.

१९७८ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारविद्यालयांत डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी होता. फळ्यावर आंकड्यांचें कोष्टक मांडलेलें असे. त्यांतील एक आंकडा बदलला कीं त्याच्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे पुसून पुनः मांडावे लागत. हें काम यंत्रानें आपोआप केलें तर? या प्रश्नांतून व्हिसिकॅल्कची कल्पना निघाली. आज्ञावली प्रत्यक्ष लिहिली ती त्याचा मित्र बॉब फ्रँक्स्टन यानें. मोठा संगणक रात्रीं स्वस्त दरानें वापरावयास मिळे. म्हणून तो दिवसा झोपे व रात्रीं काम करी. १९७९ च्या जानेवारींत दोघांनीं सॉफ्टवेअर आर्ट्स ही कंपनी स्थापन केली.

विक्रीचें काम मात्र त्यांनीं स्वतःकडे ठेवलें नाहीं. ग्रंथकार लिहितो व प्रकाशक छापून विकतो, तशीच ही व्यवस्था होती. डॅन फिल्स्ट्रा याची पर्सनल सॉफ्टवेअर ही कंपनी प्रकाशक झाली, आणि उत्पन्नाचा एक तृतीयांशाहून अधिक वांटा निर्मात्यांस द्यावयाचें ठरलें. १९७९ च्या शरद ऋतूंत ॲपल-टू या यंत्रासाठीं व्हिसिकॅल्क विक्रीस आलें. त्याची किंमत प्रारंभीं सुमारें १०० डॉलर होती. परंतु तेवढ्यासाठीं लोक सुमारें २,००० डॉलरचें यंत्र विकत घेऊं लागले! हिशेबनीस, दुकानदार, कारखानदार अशा सर्वांस त्याचा उपयोग पटला. सहा वर्षांत त्याच्या सात लाखांहून अधिक प्रती खपल्या. प्रकाशकानें तर आपलें नांव बदलून व्हिसिकॉर्प असें ठेवलें.

एवढें यश लाभल्यावर ऱ्हास कां झाला? १९८१ सालीं आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक आला. त्याची स्मरणशक्ति पूर्वींच्या यंत्रांहून पुष्कळ अधिक होती. व्हिसिकॅल्क त्यावरही चाले, पण तें लहान यंत्रासाठीं बेतलेलें. नव्या घरांत आलेल्या जुन्या भाडेकऱ्याप्रमाणें तें एका कोपऱ्यांतच राहिलें. सुधारलेली आवृत्ति निघावयास विलंब लागला. विलंबाचा दोष प्रकाशक निर्मात्यास देई, तर निर्माता आपलें लक्ष दुसऱ्या उत्पादनाकडेही वळवीत होता. अखेर १९८३ सालीं उभयतांचें भांडण न्यायालयांत गेलें.

नेमक्या त्याच वर्षाच्या जानेवारींत लोटस १-२-३ बाजारांत आलें. त्याचा प्रवर्तक मिच केपोर पूर्वीं याच प्रकाशकाच्या पदरीं होता. नव्या यंत्राची शक्ति पुरेपूर वापरण्यासाठींच लोटसची रचना केलेली होती. कोष्टक, आलेख व माहितीची मांडणी हीं तिन्ही कामें तें एकाच ठिकाणीं करी. पहिल्याच वर्षीं लोटस कंपनीची विक्री ५ कोटी डॉलरांवर गेली. इकडे व्हिसिकॅल्कचे दोन पालक वकिलांच्या कचेऱ्या झिजवीत होते आणि तिकडे ग्राहक निघून जात होते. १९८४ सालीं तडजोड झाली, पण तोंवर वेळ टळून गेली होती. १९८५ सालीं लोटसनेंच सॉफ्टवेअर आर्ट्सची मालमत्ता विकत घेतली आणि व्हिसिकॅल्कची विक्री बंद केली.

विजेत्यासही अमरत्व लाभलें नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलनें पुढें लोटसला मागें टाकलें. १९९५ सालीं आय.बी.एम.नें लोटस कंपनी विकत घेतली, आणि २०१३ सालीं १-२-३ ची विक्रीही थांबली.

धान्य विकलें कीं शेतकऱ्याचा त्याच्याशीं संबंध संपतो. आज्ञावलीचें तसें नाहीं. ज्या यंत्रावर ती चालते तें यंत्र पालटत राहतें, म्हणून तिलाही पालटावें लागतें. आणि तें पालटण्याची जबाबदारी कोणाची, हें दोन धन्यांत स्पष्ट ठरलेलें नसेल तर ती उपाशी मरते. व्हिसिकॅल्कच्या करारांत पैशांच्या वांटणीचा प्रश्न सुटला होता. संगोपनाचा सुटला नव्हता.

आय.बी.एम.च्या यंत्रासाठीं केलेली त्याची मूळ प्रत ब्रिकलिननें पुढें लोटसच्या परवानगीनें सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिली. तिचा आकार २८ हजार बाइटांहूनही कमी आहे. एका उद्योगाचा पाया घालणारी ती आज्ञावली आजच्या एका सामान्य छायाचित्राच्या कोपऱ्यांतही सहज मावेल.